मदत हवी आहे: फोनच्या इंटरफेसला खरंच नव्या रूपाची गरज आहे का?
नमस्कार मंडळी. आईच्या फोनला मोठं अपडेट आलं आणि तिला स्वतःचाच फोन परका वाटू लागला. कॉल उचलायचं बटण बदललं, नोटिफिकेशन एकीकडे आणि वायफाय-टॉर्चची बटणं दुसरीकडे गेली. दोन आठवडे झाले, ती अजून चाचपडतेय. मला फार वाईट वाटतं.

२०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ ने चामड्या-लाकडाचा आभास काढून टाकून सपाट रूप घेतलं, २०१४ मध्ये अँड्रॉइडला मटेरियल डिझाइन नावाचं नवं रूप मिळालं, २०२५ मध्ये ॲपलचं काचेसारखं लिक्विड ग्लास आलं. पण आयकॉनच्या रांगा आणि वरून ओढायचा पडदा तसाच आहे. मग दर काही वर्षांनी नवा साज कशाला? माझ्या मते आधी सेटिंग्जमधला गुंता सोडवायला हवा. अक्षरं मोठी करायची तरी किती शोधाशोध!

आईसाठी स्क्रीनच्या खालची (मागे, होम वगैरे) तीन बटणं परत आणली, अक्षरंही वाढवली. नोटिफिकेशन आणि वायफाय-टॉर्चची बटणं पुन्हा एकाच पडद्यावर आणता येतात का? तुमच्या घरच्या ज्येष्ठांना सवय कशी लावलीत? नव्या रूपामुळे कुणाचं काम खरंच सोपं झालं असेल, तर तेही सांगा.