मदत हवी आहे: अमेरिकेतल्या पब्लिक रेडिओवर किशोरीताईंचा दोन तासांचा कार्यक्रम कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

इथल्या एका कॉलेजच्या ना-नफा एफएम स्टेशनवर मी स्वयंसेवक म्हणून रविवारी सकाळी हिंदुस्थानी संगीताचा कार्यक्रम करते. ८८ ते ९२ मेगाहर्ट्झच्या राखीव पट्ट्यातलं स्टेशन, जाहिराती नाहीत. त्यामुळे अर्ध्या तासाचा ख्याल मध्ये न तोडता लावता येतो. ही मोकळीक दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून नियम मोडून ती घालवायची नाहीये.

आता किशोरीताई आमोणकरांवर पूर्ण दोन तास करायचे आहेत आणि तिथेच घोडं अडलंय. आम्ही तेच प्रक्षेपण इंटरनेटवरही स्ट्रीम करतो, आणि त्या परवान्याची अट अशी: कुठल्याही तीन तासांत एका अल्बममधले जास्तीत जास्त तीन ट्रॅक, त्यातले सलग दोनच. एका कलाकाराचे जास्तीत जास्त चार, सलग तीनच. माझ्याकडच्या सीडीवर भूपाचा विलंबित ख्याल हा एक ट्रॅक, द्रुत बंदिश दुसरा. दोन राग लावले की चार संपले! उरलेल्या वेळात काय करू? शिवाय कोणता ट्रॅक लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. श्रोते मात्र आठवडाभर आधीपासून विचारतात, "ताई, कोणता राग आहे?"

दुसरी अडचण स्टेशन आयडीची, म्हणजे स्टेशनचं सांकेतिक नाव आणि गाव सांगणाऱ्या घोषणेची. तो तासाच्या ठोक्याच्या आसपास द्यावा लागतो. आलाप रंगात आलेला असताना फेडर (आवाजाची पट्टी) खाली ओढणं माझ्याच्याने होणार नाही.

त्यात २०२५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, पब्लिक ब्रॉडकास्टिंगचा केंद्रीय निधी काढून घेतल्यापासून देणगीच्या आवाहनाला जास्त वेळ द्या, असा आग्रह आहे. तो मला पटतो, पण ते आवाहन नेमकं कुठे घालावं?

असा एकाच कलाकारावरचा कार्यक्रम कुणी केला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

एकट्या किशोरीताईंऐवजी जयपूर-अत्रौली घराण्याच्या वाटेने त्यांच्यापर्यंत या. सुरुवातीला केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, हे सांगितलंत की अमेरिकन श्रोताही कान टवकारतो. मग मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे किशोरीताईंच्या आई आणि गुरू. मग मल्लिकार्जुन मन्सूर. किशोरीताईंचे चार ट्रॅक दोन वेगवेगळ्या अल्बममधून घ्या आणि त्यांची एकेक जोडी या मंडळींच्या मध्ये ठेवा. घराण्याचा धागाही ऐकू येईल आणि नियमही पाळला जाईल.

आयडीबद्दल काळजी नको. कार्यक्रमात स्वाभाविक खंड पडेल तिथे, ठोक्याच्या जमेल तितका जवळ, असाच एफसीसीचा (अमेरिकेच्या प्रसारण नियामक संस्थेचा) नियम आहे. तरी मी तासाच्या सीमेवर जुन्या ७८ आरपीएमच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका ठेवते, म्हणजे आयडी आणि आवाहन दोन्ही तिथेच उरकतं. विलंबित आणि द्रुतच्या मध्ये मात्र चकार शब्द बोलू नका.

श्रोत्यांना "पुढे कधीतरी किशोरीताई" एवढं सांगायला हरकत नाही, फक्त ट्रॅकची नावं आणि नेमकी वेळ देऊ नका. आणि एखाद्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कदारांकडून थेट स्ट्रीमिंगची लेखी परवानगी मिळाली, तर त्याला चारची मर्यादा लागत नाही. आधी पत्र टाकून बघा.