अनुभव धागा : तुमच्या वाट्याला आलेला 'ब्लॉक'

गेल्या रविवारी आत्याला फोन करून मी कळवले की, डोंबिवलीला ब्लॉक असल्यामुळे जेवणाला पोहोचणे अवघड दिसते. गिरगावच्या चाळीत जन्म काढलेल्या आत्याने त्यावर विचारले, "अगं, डोंबिवलीला ब्लॉक घेतलास आणि मला आत्ता सांगतेस?" मी रेल्वेगाड्या बंद असल्याचे म्हणत होते, तिने नवे घर ऐकले. या एका इंग्रजी शब्दाने मुंबईत किती बिऱ्हाडे थाटली आहेत, याचे कुतूहल तेव्हापासून वाटते आहे. आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

मुलुंडहून

१९७८ मध्ये आम्ही लालबागची खोली सोडून मुलुंडला ब्लॉकमध्ये राहायला आलो. 'फ्लॅट' हा शब्द तेव्हा आम्हाला आपला वाटत नसे. आमच्या तोंडी 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' होता आणि त्याचा खरा अर्थ एवढाच होता की, संडास सामाईक नसून दाराच्या आत आहे. आजीला नेमके तेच खटकले. पाण्यासाठी पहाटे उठून रांगेत बादली लावण्याचा तिचा जाच या ब्लॉकने संपवला होता, तरीही स्वयंपाकघरापासून चार पावलांवर संडास ही कल्पना तिला सोसेना आणि त्या दारासमोरून जाताना ती कित्येक महिने पदर नाकाला लावत असे.

कल्याणहून

मी रेल्वेतून निवृत्त झालो. आमच्याकडे ब्लॉक म्हणजे मुळात रुळांचा असा टप्पा, ज्यात एका वेळी एकाच गाडीला प्रवेश असतो. दुरुस्तीसाठी मागून घेतलेल्या वेळेलाही ब्लॉकच म्हणतात : गाड्या थांबवल्या की ट्रॅफिक ब्लॉक, आणि डोक्यावरच्या तारेतला २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद केला की पॉवर ब्लॉक. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक होतो, शिव्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. ठाण्यात फलाट रुंद करण्यासाठी २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा मी घरी बसून प्रवाशांची बाजू प्रथमच ऐकली.

प्रभादेवीहून

वडिलांचा छोटा छापखाना होता. छायाचित्र छापायचे तर जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ठिपक्याठिपक्यांचा ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि तो खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीला यावा म्हणून लाकडी ठोकळ्यावर बसवावा लागे. त्यातली प्रतिमा उलटी असे. आजोबांच्या निधनाच्या जाहिरातीसाठी केलेला ब्लॉक माझ्या कपाटात आहे. त्यांच्या गालावरचा तीळ त्यात चुकीच्या बाजूला दिसतो.

बोरिवलीहून

आईची नाडी मिनिटाला ३८ वर आली आणि डॉक्टरांनी 'हार्ट ब्लॉक' असे निदान केले. आम्ही सगळे रक्तवाहिनी तुंबली असे समजून अँजिओप्लास्टीच्या खर्चाची जुळवाजुळव करू लागलो. प्रत्यक्षात हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश अडत होता आणि उपाय पेसमेकरचा होता. तो बसवल्यावर आई शुद्धीवर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो रविवारच्या ब्लॉकमुळे मावशी येऊ शकेल का, हा.

परळहून

माझा अनुभव एका ओळीचा आहे. पावसाळ्यात पदपथावरचा सुटलेला पेव्हर ब्लॉक पायाखाली डुगडुगला की खालचे गढूळ पाणी थेट गुडघ्यापर्यंत उडते, आणि हे मला नेहमी पांढऱ्या कपड्यांतच का समजते, हे मला अजून उमगलेले नाही.