छतात जाणारी एलईडी पट्टी: स्मार्ट घ्यावी की साधी?

खिडकीपाशी

नव्या फ्लॅटचं पीओपी सुरू झालं की कारागीर विचारतोच, "साहेब, कोव्हमध्ये कुठली स्ट्रिप टाकू?" कोव्ह म्हणजे छताच्या कडेला पट्टी लपवायची खाच. मग रात्री मोबाइलवर शोधाशोध होते आणि "एक कोटी साठ लाख रंग, ॲपवर चालते, गाण्यावर नाचते" असं छापलेला पाच मीटरचा बॉक्स दारात येऊन पडतो. सध्या घरोघरी हेच चाललंय.

माझं मत सांगतो, मग खुशाल झोडा. छतात कायमची जाणारी पट्टी साधीच घ्यावी. पांढरी, फार तर वॉर्म आणि कूल दोन्ही असलेली, २४ व्होल्टची. स्मार्टपणा हवाच असेल तर तो कंट्रोलरमध्ये, म्हणजे पट्टी चालवणाऱ्या वेगळ्या डबीत, असू द्या. तो बिघडला तर स्टुलावर चढून दुसरा लावता येतो. सगळं एकातच असलेलं किट छतासाठी घेऊ नये.

एक तर पीओपी दहा-पंधरा वर्षं कुणी फोडत नाही. ॲप तेवढं टिकेल? फिलिप्स ह्यूसारख्या नावाजलेल्या ब्रँडनेही आपला पहिला गोल ब्रिज (दिवे घरच्या नेटवर्कला जोडणारी डबी) एप्रिल २०२० मध्ये ऑनलाइन सेवेतून काढला. अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना काहीही न कळवता बंद पडले. मग बिननावाच्या किटचं तर विचारूच नका.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. बॉक्समधली पुष्कळशी किटं १२ व्होल्टची असतात. मीटरला ६० दिवे असलेली ५०५० आकाराची आरजीबी (लाल-हिरवा-निळा) पट्टी पूर्ण प्रकाशात मीटरमागे १४.४ वॅट घेते. पाच मीटरला ७२ वॅट झाले, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. पट्टीतल्या पातळ तांब्यातून एवढा करंट शेवटापर्यंत नेताना व्होल्टेज पडणारच. निळ्या-हिरव्या दिव्यांना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मंदावतात. एका टोकाला पांढरी दिसणारी पट्टी दुसऱ्या टोकाला गुलाबी-पिवळट होते. २४ व्होल्टला करंट निम्मा होतो आणि टक्केवारीत बघितलं तर ही घट चौथ्या हिश्शावर येते.

आणि आरजीबीतला पांढरा म्हणजे लाल-हिरवा-निळा एकदम पेटवून काढलेला पांढरा. त्या उजेडात पाहुणे आजारी दिसतात.

भाडेकरू_कायमचा

वाचून वाटलं, जगात सगळ्यांच्याच डोक्यावर मालकीचं पीओपी आहे.

आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी माणसं. घरमालक खिळा ठोकू देत नाही, छताला हात लावणं तर लांबच. टीव्हीमागे यूएसबीवर चालणारी ५ व्होल्टची दोन-तीन मीटर पट्टी लावायची, घर सोडताना गुंडाळून बॅगेत. तिचा पांढरा कसा दिसतो याच्याशी मला काय करायचंय? मला जांभळाच लावायचा असतो. पोरांना क्रिकेट बघताना निळा लागतो. सर्व्हर बंद पडला तर बॉक्समधला छोटा रिमोट आहेच. तुमच्या २४ व्होल्ट, वेगळा ड्रायव्हर (मेन्सवरून कमी व्होल्टेज काढून देणारा डबा), वेगळा कंट्रोलर या थाटात माझी अशी तीन किटं येतील.

वायरमन_सांगली

भाडेकरू साहेब, पट्टी टीव्हीच्या पाठीवर चिकटवा, भिंतीवर नको. साध्या डिस्टेंपरवरून सोलून काढलीत की पोपड्यांसकट हातात येते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

तुम्ही दोघं ५ की २४ वर भांडताय. मी जातो त्या बहुतेक घरांत यातलं काहीच नसतं. मीटरच्या मापाने मिळणारी २३० व्होल्टची रोप लाइट असते. पीओपीवालाच ती आणतो, पिन लावली की चालू. माझा विरोध त्या रोपला आहे. एक तर ती थेट मेन्सवर. कोव्हमध्ये धूळ पुसायला कुणी ओला फडका घेऊन हात घातला आणि आवरण कुठे चिरलेलं असलं तर काय होईल ते सांगायला नको. दुसरं, स्वस्तातली रोप सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. मोबाइलचा कॅमेरा तिच्यासमोर धरा, काळे पट्टे सरकताना दिसतील. अशा उजेडात रोज संध्याकाळी चार-चार तास बसून डोकं दुखतं म्हणायचं आणि चष्म्याचा नंबर तपासायला जायचं.

साईटवरचा

वायरमनदादा, रोपला एवढं बदडू नका. हॉल, पॅसेज, डायनिंग मिळून तीस मीटर कोव्ह निघाला तर रोप एका पिनवर जाते. तुमच्या २४ व्होल्टला दर पाच-दहा मीटरला नवीन फीड ओढावी लागते. त्याची वायर, दोन-तीन ड्रायव्हर, ते ठेवायला जागा, हे सगळं धरलं की ग्राहकाचा चेहरा उतरतो. "शेजाऱ्यांकडे तर एका दिवसात झालं" हे वाक्य मला पाठ झालंय. धागाकर्त्याचं म्हणणं कागदावर ठीक आहे, बजेटमध्ये बसवून दाखवा.

खिडकीपाशी

बसतं. तीस मीटर कोव्हला झगझगीत पट्टी लागत नाही. आडून येणाऱ्या उजेडाला मीटरमागे ५ ते ७ वॅटची पांढरी पट्टी पुरते. तीस मीटरला दीडशे-दोनशे वॅट झाले. शंभर-सव्वाशे वॅटचे दोन ड्रायव्हर दोन कोपऱ्यांत ठेवले की काम झालं. खर्च वाढतो तो ७२ वॅटवाली रंगीत पट्टी घेऊन ती कायम तीस टक्क्यांवर चालवण्यात.

ओट्यापाशी

सगळी चर्चा हॉलच्या छताचीच का? पट्टीचा खरा उपयोग स्वयंपाकघरात, वरच्या कपाटाखाली. तिथे माझं मत धागाकर्त्यापेक्षाही कडक आहे. ना स्मार्ट, ना रंग. फक्त सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर आणि ४००० केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर उजेड. कमी सीआरआयच्या उजेडात टोमॅटो पिकलाय की अर्धा कच्चा आहे ते कळत नाही आणि फोडणीतली मोहरी करपेपर्यंत लक्षात येत नाही.

बॉक्सवर कधीच लिहिलेली नसते अशी एक गोष्ट सांगते. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर उघड्या पट्टीचा एकूण एक दिवा दगडात ठिपक्यासारखा दिसतो. भाजी चिरताना समोर ती रांग सतत चमकत राहते. म्हणून सलग उजेडाची सीओबी पट्टी घ्यायची आणि ती दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवायची. प्रोफाइलमुळे पट्टीची उष्णताही बाहेर पडते आणि तेलकट थर कपड्याने पुसता येतो. नुसत्या पट्टीवर तो थर बसला की खरवडूनही निघत नाही.

रात्रपाळी

ओट्यापाशी ताई, प्रोफाइलचं शंभर टक्के बरोबर. पण "स्मार्ट नको" याला माझा विरोध.

आमच्याकडे वडील ऐंशीच्या पुढचे. रात्री बाथरूमला उठतात. मोठा दिवा लावला की डोळे दिपतात आणि परत झोप लागत नाही. अंधारात गेले तर पडायची भीती. पलंगाखाली वॉर्म पट्टी आणि एक मोशन सेन्सर लावलाय. पाय खाली टेकले की पाच टक्क्यांवर उजेड येतो, बाथरूमपर्यंत वाट दिसते आणि थोड्या वेळाने तो आपोआप विझतो. याला तुम्ही नाचणाऱ्या दिव्यांच्या रांगेत बसवणार?

वायरमन_सांगली

रात्रपाळी, काम उत्तम केलंत. पण यात वायफाय कशाला? १२ व्होल्टचा पीआयआर (हालचाल ओळखणारा) सेन्सर पट्टी आणि ड्रायव्हरच्या मध्ये लावला की हेच होतं. ना ॲप, ना पासवर्ड. राउटर बदलला की तुमची सगळी मांडणी पहिल्यापासून करायची, आणि नवीन राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली दिले की पट्टी जोडतानाच अडते. त्या वेळी वडील एकटे असतील तर?

रात्रपाळी

साधा पीआयआर पूर्ण प्रकाश देतो. मला रात्री अकरानंतर पाच टक्के हवा, संध्याकाळी त्याच पट्टीचा साठ टक्के हवा आणि दिवसा पेटायलाच नको. ही वेळेची अक्कल तुमच्या सेन्सरला नाही. राउटरचं म्हणाल तर माझा सेन्सर आणि कंट्रोलर झिगबीवर (वायफायपासून वेगळ्या बिनतारी जोडणीवर) आहेत, घरातल्या हबशी, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या डबीशी, बोलतात. इंटरनेट गेलं तरी चालतं.

धागाकर्त्याने ह्यूच्या जुन्या ब्रिजचं सांगितलं ते अर्धंच. सेवा बंद झाली तरी घरातल्या घरात दिवे त्या ब्रिजवर चालतच होते. बाहेरून चालवणं आणि बोलून चालवणं बंद झालं. इन्स्टिऑनही २०२२ च्या जूनमध्ये तिच्याच काही ग्राहकांनी विकत घेऊन पुन्हा सुरू केली. म्हणजे प्रश्न स्मार्टचा नाही, घराबाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून राहण्याचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅटर हे मानक आलं. त्यात दिवा घरच्या नेटवर्कवरच चालवता येतो आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एकमेकांशी जुळतं. बॉक्सवर तो शिक्का बघून घ्या.

जुनं_बटण

मॅटर, झिगबी, ब्रिज, हब... अहो, दिवा लावायचाय की उपग्रह सोडायचाय?

आमच्या घरातला खरा खेळ ऐका. मुलाने स्मार्ट पट्टी बसवली. आमच्या सौ. रात्री झोपताना सवयीने सगळी बटणं खटाखट बंद करतात. सकाळी ॲप म्हणतं, डिव्हाइस ऑफलाइन. मुलगा बटणावर चिकटपट्टी लावतो, सौ. काढतात. पहाटे लाइट जाऊन आली की पट्टी आपणहून शंभर टक्क्यांवर पेटते आणि अख्खं घर जागं. वर ती दिवसभर बटण चालू ठेवून वीज खाते ते निराळंच.

आणि तो वॉर्म व्हाइट! सासरे आले, छताकडे बघून म्हणाले, "व्होल्टेज कमी आहे का इथे?" आम्हाला ट्यूबसारखा ६५०० केल्विनचा लख्ख उजेडच बरा.

रात्रपाळी

काका, लाइट आल्यावर पट्टीने काय करायचं याची सेटिंग बहुतेक ॲपमध्ये असते. "बंद राहा" निवडा, पहाटेचा गोंधळ थांबेल. विजेचं म्हणाल तर कंट्रोलर नुसता जागा राहायला वॅटभर धरा. वर्षाला साडेआठ-नऊ युनिट. बटणाचं मात्र तुम्ही बोललात ते खरं आहे. भिंतीवरच्या बटणाने चालत नाही तो दिवा घरात टिकत नाही. म्हणून पट्टीची मेन लाइन कायम चालू ठेवून बटण कंट्रोलरच्या इनपुटला जोडतात. काकूंनी कितीही खटाखट केलं तरी दिवा विझतो, कंट्रोलर जागाच राहतो. फक्त कंट्रोलर घेतानाच तो इनपुट आहे का ते विचारा.

अडगळीतला_सोल्डर

एवढं रामायण झालं आणि डब्ल्यूएलईडीचं नाव कुणी घेतलं नाही! ईएसपी३२ चा छोटा बोर्ड, त्यात हे फुकटचं सॉफ्टवेअर आणि प्रत्येक दिवा वेगळा चालवता येणारी डब्ल्यूएस२८१२बी पट्टी. कुठल्याही कंपनीचा सर्व्हर नको, खातं नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं. गणपतीच्या मखराला लाटा, ज्योत, पाऊस, जे हवं ते करा. तुमचं २४ व्होल्टचं पांढरं आयुष्य तुम्हालाच लखलाभ.

हिशेब मात्र नीट करा. एक दिवा पूर्ण पांढऱ्यावर जवळपास ६० मिलिअँपिअर घेतो. ३०० दिव्यांना १८ अँपिअर, ५ व्होल्टवर ९० वॅट. मोबाइलच्या चार्जरवर जोडू नका. सॉफ्टवेअरमध्ये करंटची मर्यादा घालता येते, ती घालाच, आणि पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्या.

खिडकीपाशी

सोल्डर, तुझं मखर मी बघितलंय, त्याला तोड नाही. पण मखर अकराव्या दिवशी उतरतं, कोव्ह उतरत नाही. या पट्टीत दर दिव्यात एक चिप असते आणि माहिती एकातून दुसऱ्यात जाते. मधली एक चिप मेली की पुढची सगळी पट्टी गप्प. छतात, रंग झाल्यावर, तो एक दिवा कोण शोधणार? तू पुण्यात आणि आईवडील गावी असतील तर त्यांनी फोनवर तुझ्याकडून सोल्डरिंग शिकायचं का?

रात्रपाळी, पलंगाखालच्या पट्टीचं काम आवडलं आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. तुमची पट्टी साधीच आहे, अक्कल हब आणि कंट्रोलरमध्ये आहे. भाडेकरूंनी टीव्हीमागे खुशाल जांभळं करावं. जुनं बटण काका, ६५०० ला माझा विरोध कायम. दिवसभर ऑफिसात तोच उजेड खाऊन घरी आल्यावर पुन्हा तोच कशाला?

भाडेकरू_कायमचा

परवानगीबद्दल आभारी आहे. ॲप लोकेशन का मागतं ते कुणी सांगेल का? दिव्याला माझा पत्ता कशाला?

अडगळीतला_सोल्डर

जवळपासची वायफाय नेटवर्कं शोधायला अँड्रॉइड ॲपला ती परवानगी लागते. जोडून झालं की काढून टाका, बहुतेक पट्ट्या तरीही चालतात. काढल्यावर ॲप हटूनच बसलं तर ते ॲप ठेवू नका.

नवी_चावी

आमचं पीओपी परवापासून सुरू होतंय. वाचून आणखीच गोंधळले. हॉलला साधारण अठरा मीटर कोव्ह आहे. कारागिराला आत्ता नेमकं काय सांगू?

वायरमन_सांगली

ताई, पट्टी कुठली ते पुढच्या महिन्यात ठरवलंत तरी चालेल. आत्ता तीन गोष्टी सांगा. कोव्हची खाच हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी रुंद ठेव. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत मेनचा पॉइंट काढ आणि तिथून स्विचबोर्डपर्यंत दोन वायर जादा ओढून ठेव. आणि ड्रायव्हर छतात गाडू नको, उघडता येईल असं झाकण कर. पट्टीच्या आधी ड्रायव्हर जातो, आणि झाकण नसेल तर त्याच्यासाठी पीओपी फोडावं लागतं. ड्रायव्हर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-पासून सुरू होणारा नोंदणी नंबर बघा, आणि पट्टीच्या एकूण वॅटवर वीस टक्के जास्त धरून घ्या.

कारागीर म्हणेल, "खाच एवढी मोठी ठेवली तर दिसायला बरं दिसत नाही." ऐकू नका.