उत्तर: यूएसबी मोडेमचा मॅक पत्ता कोठून येतो?

वर विचारलेला प्रश्न असा आहे की, लिनक्सवर ४जी यूएसबी मोडेमचा मॅक पत्ता (नेटवर्क-जोडणीचा हार्डवेअर-ओळखक्रमांक) पुन्हा चालू केल्यावर बदलतो, तर तो मोडेमवर छापलेला का नाही. मोबाइल नेटवर्कला त्या पत्त्याची गरजच नसते, कारण तेथे ओळख आयएमईआय (उपकरणाचा क्रमांक) आणि सिमवरील आयएमएसआय (ग्राहकाचा क्रमांक) यांनी पटते आणि रेडिओवरून केवळ आयपी पॅकेट जातात. अशा मोडेमचा मॅक पत्ता म्हणजे संगणकाच्या इथरनेट-सवयीसाठी चालकाने (ड्रायव्हरने) केलेली सोय.

लिनक्समधील क्यूएमआय-डब्ल्यूवान (qmi_wwan) या मोडेम-चालकात हे स्पष्ट दिसते. अनेक मोडेम स्वतःचा म्हणून ०२:५०:एफ३:००:००:०० हाच पत्ता सांगतात. तो ओळखला की चालक यादृच्छिक पत्ता तयार करतो. त्यात स्थानिक पत्त्याचा (म्हणजे कारखान्याने न दिलेल्या पत्त्याचा) बिट १ केलेला असतो आणि पहिला बाइट आयपी शीर्षासारखा दिसत असेल तर त्यातला ४० हेक्सचा बिट मुद्दाम पुसला जातो. आयपीचे शीर्ष (हेडर) ४ किंवा ६ या अंकाने सुरू होते आणि काही मोडेमांमधले सदोष फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) इथरनेट शीर्षाशिवायच पॅकेट पाठवतात, म्हणून पहिल्या बाइटवरून फरक ओळखता यावा, ही त्यामागची (मला फार आवडणारी) युक्ती. रॉ-आयपी अवस्थेत, म्हणजे इथरनेट शीर्षाशिवाय थेट आयपी पॅकेटच जातात तेव्हा, तर मॅक पत्ताच उरत नाही.

तेव्हा फायरवॉलचे नियम मॅक पत्त्यावर बांधू नका. इंटरफेसचे नाव यूएसबी पोर्टवरून किंवा मोडेमच्या अनुक्रमांकावरून यूडेव्हमध्ये (लिनक्सच्या उपकरण-व्यवस्थापकात) ठरवून घ्या.