फॉरमॅट मारण्याआधी मागच्या वायरी काढून बघा
तुमचा पीसी रीस्टार्ट दिला की अडकतो, त्यावर 'विंडोज फॉरमॅट मारा (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका), रीस्टार्टला अडकायचं थांबेल' हे वर दोघांनी सांगितलंय, ते मला पटत नाही. आधी पीसी नेमका कुठे अडकतो ते बघा. 'रीस्टार्टिंग'चं चक्र फिरत राहत असेल तर दोष विंडोज किंवा ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) असू शकतो. पण स्क्रीन काळी होऊन मदरबोर्डच्या लोगोवर गाडी थांबत असेल, तर त्या क्षणी सहसा विंडोज सुरूच झालेलं नसतं. मग फॉरमॅट करून काय मिळणार? उलट डेटा जायचा.

आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातला हिशेबाचा पीसी असाच छळायचा. पूर्ण बंद करून चालू केला की नीट, रीस्टार्ट दिला की लोगोवर ठप्प. रॅम बदलली, काही फरक नाही. शेवटी मागे बघितलं तर टॅलीच्या बॅकअपची बाहेरची हार्डडिस्क कायम लावलेली, तिचा निळा दिवा एकसारखा जळतोय. रीस्टार्टमध्ये यूएसबीचा ५ व्होल्टचा पुरवठा सहसा तुटत नाही, त्यामुळे अडकलेलं उपकरण तसंच अडकून राहतं आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) त्याच्या उत्तराची वाट बघत बसू शकतो. डिस्क काढली, लागोपाठ पाच वेळा रीस्टार्ट दिला, एकदाही अडकला नाही. नंतर बायोसच्या बूट क्रमात (पीसीने आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या यादीत) आतली डिस्क पहिली केली आणि बॅकअप झाला की बाहेरची काढायची सवय लावली.

तुम्हीही कीबोर्ड-माऊस सोडून सगळं काढा, अगदी प्रिंटरसुद्धा, आणि मग एकेक लावत रीस्टार्ट देऊन बघा.