तयार कॅल्क्युलेटर नको, शीट बांधू द्या

आजाराची जोखीम मोजणाऱ्या तयार कॅल्क्युलेटरची लिंक दिली की काम भागतं, ऑनलाइन तासात स्प्रेडशीट कशाला करून घ्यायची, असं काही जण विचारतात. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवताना दोन्ही करून पाहिलंय. लिंक दिली की आकडा येतो आणि विषय तिथेच संपतो.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या चमूने २००५ साली मांडलेला मधुमेहाचा भारतीय जोखीम गुणांक घ्या. वय, कंबर, शारीरिक हालचाल, आईवडिलांचा मधुमेह एवढंच लागतं, रक्त नको. एकूण गुण १००, साठ किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. एक्सेलमध्ये चार आयएफ (जर-तर) सूत्रांत बसतो. मुली आधी घरच्यांचीच कंबर मोजतात, आणि टेप पँटच्या पट्ट्यावर धरला की गुण कसे बदलतात ते स्वतःच पाहतात.

खरी गंमत पुढच्या शीटमध्ये. हजार माणसं, त्यातल्या १०० जणांना निदान न झालेला मधुमेह. मूळ अभ्यासातली संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती जण पकडले जातात) साधारण ७२ टक्के, विशिष्टता (निरोगींपैकी किती जण बरोबर वगळले जातात) ६०. म्हणजे ७२ रुग्ण सापडतात, पण ९०० निरोगींपैकी ३६० जणांनाही साठ किंवा जास्त गुण मिळतात. जोखीम मोठी ठरलेल्या ४३२ पैकी खरे रुग्ण ७२, फक्त १७ टक्के! इथे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी माइक सुरू करून विचारतंच, "सर, मग पेशंटला सांगायचं काय?"

माझ्या मते हाच खरा धडा. 'तुम्हाला मधुमेह आहे' असं नव्हे, 'साखर तपासून घ्या' असं सांगायचं. ते वाक्य मी प्रत्येकीकडून मराठीत बोलून घेतो.