मदत हवी आहे: पार्सल 'शेजाऱ्याकडे दिलं' अशी नोंद, ग्राहक म्हणतात मिळालंच नाही

जरीकाठ

नमस्कार मंडळी,

येवल्याहून स्वतःच्या वेबसाइटवरून पैठण्या विकतो. एका ऑर्डरीत अडकलोय, जाणकारांनी कृपया मार्ग सांगावा.

माल: एक पैठणी, किंमत ₹११,५००, कार्डाने आगाऊ पेमेंट. कुरिअर अ‍ॅग्रिगेटरमार्फत (अनेक कुरिअर कंपन्यांचं बुकिंग एकाच ठिकाणी करून देणारी सेवा) बुक केलं. सोमवारी उचललं, गुरुवारी दुपारी ३:४० ला 'डिलिव्हर्ड' दिसलं. शनिवारी ग्राहक ताईंचा मेसेज आला, पार्सल आलंच नाही. तिकीट टाकल्यावर कुरिअरचं उत्तर एका ओळीचं: 'शेजाऱ्याकडे सुपूर्द'. सही म्हणजे बोटाने ओढलेली रेघ, नाव अर्धवट, फ्लॅट नंबर नाही. समोरच्या आणि बाजूच्या दोन्ही घरांत ताईंनी विचारलं, दोघंही नाही म्हणतात. पत्ता पुण्यातल्या सोसायटीचा आहे. ओटीपी डिलिव्हरी घेतली नव्हती, विमाही नव्हता.

ताई म्हणतात रिफंड द्या, नाहीतर बँकेत चार्जबॅक (कार्डाचे पैसे परत खेचायची तक्रार) टाकते. कुरिअर म्हणतं 'तपास चालू'. मी आता रिफंड द्यावा की थांबावं? जबाबदारी नेमकी कोणाची? आणि कुरिअरकडून काय काय मागायचं?

खोकी_आणि_टेप

आधी एक गोष्ट पक्की करा. शेजाऱ्याकडे दिलेलं पार्सल ग्राहकाला पोचलं असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा ग्राहकाने 'शेजारी ठेवा' असं स्वतः सांगितलेलं असतं. तुमचं सगळं प्रकरण या एका होकारावर उभं आहे. म्हणून पहिला प्रश्न शेजाऱ्याबद्दल नको. गुरुवारी दुपारी डिलिव्हरी बॉयचा फोन ताईंना गेला होता का, आणि त्यावर काय बोलणं झालं, हे आधी शोधा.

कुरिअरला नुसतं 'पीओडी (डिलिव्हरीचा पुरावा) द्या' लिहिलंत तर तीच रेघ परत पाठवतील. तिकिटात एडब्ल्यूबी नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) टाकून वेगवेगळं मागा: डिलिव्हरी मार्क केली त्या क्षणाचं जीपीएस, दारात काढलेला फोटो असेल तर तो, त्या दिवशी ग्राहकाच्या नंबरवर केलेल्या कॉलची वेळ आणि किती सेकंद बोलणं झालं ते, कॉल सिस्टीममधून गेला असेल तर त्याचं रेकॉर्डिंग, घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर, शेवटच्या हबवरचं (कुरिअरच्या वाटप केंद्रावरचं) वजन. हे आजच मागा. 'डिलिव्हर्ड' दिसल्यावर वाद उठवायची मुदत अ‍ॅग्रिगेटरच्या करारात मोजक्या दिवसांची असते. ती उलटली की तिकीट आपोआप बंद होतं आणि मग रडून उपयोग नाही. बंद झालंच तर नवं तिकीट टाकू नका, जुनंच उघडायला लावा, म्हणजे पहिली तारीख टिकते.

जीपीएस आलं तर त्यातून काय कळतं तेही सांगतो. इमारत बरोबर आहे की नाही एवढंच. एकावर एक असलेल्या फ्लॅटांत मजला त्यातून कळत नाही. पण ठिपका हबवर किंवा दोन गल्ल्या पलीकडे पडला, तर पार्सल कुणाला दिलंच नाही आणि बसल्या जागी मार्क केलं, हे जवळपास सिद्ध होतं.

दुसरं म्हणजे विंग. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत 'शेजारी' म्हणून नोंदलेलं घर बऱ्याचदा शेजारचं नसतंच. बी-५०४ चं पार्सल डी-५०४ ला जातं आणि तिथलं कुणीतरी न बघता घेऊन ठेवतं. लेबलवर विंग छापली होती का पाहा. चेकआउटच्या पत्त्यात विंगचा वेगळा रकाना नसेल तर लोक नुसतं '५०४' लिहितात.

आणि गेट. सोसायटीत मायगेटसारखं अ‍ॅप असेल तर डिलिव्हरी बॉय कोणत्या फ्लॅटसाठी आत आला आणि कोणी मंजुरी दिली, याची नोंद असते. अ‍ॅप नसेल तर वॉचमनची वही असते. 'गेटवर ठेवा' हा पर्याय घरातल्या दुसऱ्या कुणी दाबलेला असू शकतो. ही चौकशी रहिवासी म्हणून ताईच करू शकतात, तुम्हाला सोसायटी काही सांगणार नाही. त्यांना विनंती करा, पण 'तुम्हीच शोधा' असा सूर नको.

हिशेबवही

जबाबदारीबद्दल. मालविक्री कायदा १९३० चं कलम ३९ वाहतूकदाराला माल दिला की सकृद्दर्शनी खरेदीदारालाच दिला असं मानतं. त्याच्या भरवशावर बरेच विक्रेते 'आमचं काम संपलं' म्हणतात. घरगुती ग्राहकाशी भांडताना त्यावर विसंबू नका. कुरिअर तुम्ही निवडलंय, करार तुमचा आहे, ताईंचा त्या कंपनीशी काहीच संबंध नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली त्या स्वतः राहतात तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे पुण्यात, तक्रार करू शकतात. पाच लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं. येवल्याहून तारखा तुम्हाला सांभाळाव्या लागतील. १९१५ या हेल्पलाइनवर तर एका फोनात तक्रार नोंदते.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचं. त्यामुळे शनिवारच्या मेसेजला तक्रार क्रमांकासह ईमेलने पोच गेली नसेल तर आधी ती पाठवा.

चार्जबॅक: व्हिसात हा 'माल मिळाला नाही' या गटात येतो, कोड १३.१. तिथे विक्रेत्याला दाखवावं लागतं की कार्डधारकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने ठरलेल्या जागी माल घेतला. 'शेजाऱ्याकडे सुपूर्द' ही ओळ तिथे तुमच्याच विरुद्ध जाते, कारण माल ठरलेल्या जागी गेला नाही हे ती लेखी कबूल करते. होकाराचा पुरावा नसेल तर ती केस हरलेली समजा.

एक चूक मात्र टाळा. चार्जबॅक एकदा नोंदला गेला की पेमेंट गेटवेवरून (वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेणारी सेवा) वेगळा रिफंड पाठवू नका. पैसे दोनदा जातात आणि परत मिळवायला महिने लागतात. गेटवेच्या मेलमधली शेवटची तारीख पाळून चार्जबॅक स्वीकारा, किंवा लढायचा असेल तर पुरावे चढवा. उलट आधी रिफंड दिला असेल तर त्याचा एआरएन क्रमांक (बँकेकडचा रिफंडचा व्यवहार क्रमांक) जपून ठेवा. नंतर चार्जबॅक आलाच तर तोच पुरावा.

जीएसटी नोंदणी असेल तर रिफंडची क्रेडिट नोट काढा. माल खरंच गहाळ ठरला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे उलटवावं लागतं. हे वर्षअखेरीस आठवलं की व्याज पडतं.

जरीकाठ

मनापासून आभार. लेबल पाहिलं, विंग नाही, नुसतं '५०४' आहे. कुरिअरने जीपीएस दिलं, ठिपका सोसायटीच्या आवारातच आहे. कॉल ३:३१ ला, ९ सेकंद. रेकॉर्डिंग 'उपलब्ध नाही' म्हणतात. ताईंना नेमकं काय लिहू? त्या चिडल्या आहेत.

खोकी_आणि_टेप

नऊ सेकंदांत 'हॅलो, कुरिअर' याच्या पुढे फारसं जात नाही. त्याला संमती म्हणता येणार नाही. तिकिटात हेच लिहा: ग्राहकाची संमती दाखवणारा पुरावा नाही, घेणाऱ्याचा फ्लॅट नंबर नाही, त्यामुळे ही चुकीची डिलिव्हरी आहे. 'हरवलं' हा शब्द वापरू नका. हरवलेल्या मालाची भरपाई करारातल्या मर्यादेत अडकते. 'चुकीच्या व्यक्तीला दिलं' असं लिहिलं की डिलिव्हरी बॉयला परत पाठवून पार्सल शोधायची जबाबदारी आधी त्यांच्यावर येते, आणि पहिल्या चार-पाच दिवसांत अशी पार्सलं सापडतातही. सोबत बिल, पॅकिंगचे फोटो आणि पाठवतानाचं वजन जोडा.

उंबरठा

ताईंना लिहायचा मजकूर देते, हवा तसा बदला:

'ताई, तुमचं पार्सल तुमच्या हातात पडलं नाही, त्यामुळे जबाबदारी आमची आहे. कुरिअरच्या नोंदीत ते गुरुवारी ३:४० ला तुमच्या सोसायटीत दुसऱ्या कुणाला दिल्याचं दिसतं. लेबलवर विंग छापली गेली नव्हती. ५०४ नंबरच्या इतर विंगच्या घरांत गेलं असेल का, हे गेटच्या नोंदीवरून कळू शकेल. शक्य असल्यास एकदा पाहाल का? बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत सापडलं नाही तर तुम्ही सांगाल त्याप्रमाणे रिफंड किंवा दुसरी पैठणी देऊ. तोपर्यंत बँकेत तक्रार टाकू नये ही विनंती.'

तारीख आणि वेळ नक्की हवी. 'लवकरच' लिहिलंत की माणूस बँकेकडे जातो. शेजारच्या कुणाचं नाव घेऊन संशय मात्र कधीच लिहू नका. कुरिअरच्या अर्धवट नावावरून एखाद्यावर आळ आला तर ताईंना तिथेच राहायचंय. आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी ईमेलही करा.

जरीकाठ

तसंच पाठवलं. ताईंनी गेटची नोंद पाहिली, मंजुरी डी विंगच्या ५०४ मधून होती. पार्सल तिथेच आहे. पण बाहेरची पिशवी फाडलेली आहे, खोका उघडलेला आहे. ताई म्हणतात उघडलेलं घेणार नाही. आता?

खोकी_आणि_टेप

त्यांना घ्यायला लावू नका. तुम्ही बंद खोका विकला होता. मात्र नाकारण्याआधी फोटो मागा: फाटलेल्या पिशवीवरचं लेबल, घडी, पदर, काठ, आणि ब्लाउजपीस साडीला जोडलेला आहे की कापलेला. टॅग आणि सील जागेवर असेल तर बहुतेक कुणी चुकून उघडून, आपलं नाही म्हणून तसंच ठेवलंय. मग रिव्हर्स पिकअप (ग्राहकाकडून माल परत उचलणं) तुमच्या खर्चाने लावा आणि पिकअपच्या वेळी ताईंसमोर नव्या पिशवीत सील करून घ्या. जुनी पिशवी फेकू देऊ नका, क्लेमला तीच लागते.

ताईंना दुसरी पैठणी हवी असेल तर जुनी परत पोचायची वाट बघू नका. माल कुठे आहे हे आता कळलंय, तुमची जोखीम कमी झाली. कुरिअरकडे मात्र क्लेम बंद करू नका. जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं आणि साडीला डाग किंवा ओढ असेल तर त्याचा खर्च, एवढं मागा. माल सापडल्यावर पूर्ण ₹११,५०० मागितलेत तर सगळाच क्लेम फेटाळतील.

हिशेबवही

आणि कुरिअरने नकार दिला तर रस्ता-वाहतूक कायदा २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यायची असते, तिकीट म्हणजे नोटीस नव्हे. अ‍ॅग्रिगेटरचा करारही वाचा, न्यायालयाचं ठिकाण बहुधा दुसऱ्याच शहरातलं लिहिलेलं असतं. या रकमेसाठी तितकं जाऊ नये असं माझं मत.

टपालवाट

पुढच्यासाठी: ₹५,००० च्या वरचा माल ओटीपीशिवाय सोडूच नये. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीडपोस्टात विलीन केलं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीडपोस्टला दोन जोडसेवा दिल्या. 'रजिस्ट्रेशन' घेतलं की वस्तू फक्त पत्त्यावरच्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्यालाच मिळते. ओटीपी घेतला तर ओटीपी जुळल्याशिवाय पोस्टमन देत नाही. प्रत्येकी ₹५ अधिक जीएसटी. पैठणीच्या किमतीपुढे हे काहीच नाही. विमा मात्र वेगळा उतरवावा लागतो, नाहीतर भरपाई नाममात्र.

उंबरठा

ओटीपीची एक पळवाट आहे. डिलिव्हरी बॉय फोनवर ओटीपी विचारून घेतो आणि पार्सल गेटवर ठेवून जातो. मग कागदोपत्री सगळं चोख आणि ग्राहकाचे हात रिकामे. म्हणून पाठवल्याच्या मेसेजमध्येच लिहा: 'पार्सल हातात आल्यावरच ओटीपी सांगा.' आणि चेकआउटला विंगचा सक्तीचा रकाना, त्याखाली 'घरी नसल्यास कोणाकडे द्यावं: नाव आणि फ्लॅट नंबर' हा ऐच्छिक रकाना. ग्राहकाने तिथे काही लिहिलं तर ती लेखी संमती झाली. रिकामा सोडला तर लेबलवर ठळक छापा: 'शेजारी किंवा गेटवर देऊ नये.'

जरीकाठ

फोटो आले. टॅग जागेवर आहे, ब्लाउजपीस जोडलेला आहे. ताईंना त्याच रंगाची दुसरी हवी आहे, उद्या स्पीडपोस्टने ओटीपी आणि विम्यासह निघते. क्लेम भाड्यापुरता ठेवलाय. विंगचा रकाना आज रात्री वेबसाइटवर चढवतो.